आवाज देऊन जायचं

त्या सकाळी सोपानला पाठवलेला निरोप माझ्या मोबाइलमध्ये अजून तसाच आहे. ‘आज सातवा दिवस. तीनच राहिले. तोंड उघडू नको, गाढवा.’ सात वाजायला दहा मिनिटं कमी असताना पाठवलेला. त्याच्यापुढच्या बरोबरच्या दोन खुणा काही निळ्या झाल्या नाहीत. मी मंचरला आमच्या कांदा-बटाट्याच्या आडतीचं शटर वर करून, उदबत्ती लावून, चहाची वाट बघत बसलो होतो. बाहेर धुकं इतकं, की हायवेवरच्या ट्रकचे नुसते दिवे पुढं सरकताना दिसत होते. साडेसातला फोन वाजला तो निरगुडसरच्या तात्यांचा. तात्या म्हणजे तिथल्या भजनी मंडळाचे म्हातारे बुवा. स्वतःहून फोन करायची त्यांना सवय नाही. “शेठ, गाडी काढा अन् या,” म्हणाले. काय झालं विचारलं, तर म्हणाले, “सोपानला वाघानं धरलं.” आमच्याकडं बिबट्याला वाघच म्हणतात. मी विचारलं, कुठल्या दवाखान्यात नेलाय? तात्यांनी फोन ठेवून दिला. मी शटर तसंच उघडं टाकून निघालो.

आज दीड महिना झाला. पेपरात चार ओळी आल्या, तिसऱ्या दिवशी त्या जुन्याही झाल्या. त्यात सोपान ‘शेतकरी, वय एकसष्ट’ एवढाच होता. तो काय होता हे सांगणारं कुणीतरी हवं म्हणून मी हे लिहायला बसलोय. आणि दुसरंही एक कारण आहे. ते मी घरी सांगितलंय, सोपानच्या बायकोला, सुनंदावहिनींना सांगितलंय, आता इथं सांगणार आहे.

पाचवीपासून आम्ही मंचरच्या शाळेत एका बाकावर. तो निरगुडसरहून एसटीनं यायचा, मी दुकानावरून चालत. आमचं घराणं राजस्थानातून आलेलं, पण ते चार पिढ्यांपूर्वी. मारवाडी माझ्या आईशी बोलण्यापुरती उरली होती, आई गेली तशी तीही गेली. माझं नाव पारस, पण सोपान मला जन्मभर पारश्या म्हणाला. रागावला असला तरच पारसशेठ. आठवीत त्याचा आवाज फुटला तो असा, की त्यानं कवायतीला ‘सावधान’ म्हटलं की शेजारच्या वर्गातली पोरं उभी राहत. एवढा आवाज, पण गावात त्याचं करायचं काय? भजन चालायचं पेटीच्या काळी चारच्या उंच पट्टीत, गळ्याच्या शिरा तटतटून. सोपान काही केल्या तिथवर पोचायचा नाही. शेवटी तात्यांनी त्याच्या हातात टाळ दिले आणि सांगितलं, तू नुसते वाजव, तू गायला लागलास की आडात पडलेला माणूस हाका मारतोय असं वाटतं. सगळं देऊळ हसलं. सोपानही हसला. पण त्यानंतर पंचवीस-तीस वर्षं तो भजनात तोंड मिटून टाळ वाजवत बसलेला मी पाहिलाय. माझ्यासारखा रागीट असता तर टाळ फेकून आला असता. तो तसा नव्हता.

पुढं तो रांजणगावच्या एमआयडीसीत एका इटालियन कंपनीत फिटर म्हणून लागला. चाळिशी उलटल्यावर कंपनीनं त्याला सहा महिन्यांच्या ट्रेनिंगला तिकडं पाठवलं. उत्तर इटलीतलं कुठलंसं कारखान्याचं गाव, थंडी मरणाची, जेवायचे हाल. तिथं आल्दो नावाचा फोरमन होता. एके दिवशी मशीन बंद करा म्हणून सोपाननं शेडच्या ह्या टोकावरून त्या टोकाला हाक मारली, आणि हा आल्दो हातातलं काम टाकून त्याच्याकडं बघतच राहिला. संध्याकाळी हाताला धरून त्याला चर्चशेजारच्या हॉलमध्ये घेऊन गेला. तिथं कामगारांचं गाण्याचं मंडळ होतं, म्हणजे त्यांचं भजनी मंडळच म्हणा. ते ऑपेरातली पदं म्हणायचे. ऑपेरा हे त्यांचं संगीत नाटक, आणि एकट्यानं म्हणायच्या पदाला ते आरिया म्हणतात, हे सगळं मला सोपाननंच शिकवलं. त्याच्या खालच्या, जाड, भरदार आवाजाला तिकडं बॅरिटोन असं नाव होतं, आणि त्या आवाजासाठी लोकांनी मुद्दाम गाणी लिहून ठेवली होती. परत आल्यावर तो आधी माझ्या दुकानात आला. पोत्यावर बसला, चहा घेतला. मग म्हणाला, “पारश्या, तिकडं मला कुणी टाळ दिलं न्हाईत.”

मी त्याला विचारलं होतं, की ह्या नाटकात तू हिरो असतोस का? तो म्हणाला, छ्या, हिरो उंच आवाजाचा. बॅरिटोनच्या वाट्याला पोरीचा बाप येतो, नाहीतर दुष्मन, नाहीतर शाप लागलेला माणूस. आम्ही एकतर मारतो, नाहीतर मरतो. हे तो हसत सांगायचा, आणि मीही हसायचो. आता ते वाक्य आठवलं की दुकानात बसवत नाही.

नोकरी संपल्यावर तो गावाकडच्या वस्तीवर राहायला आला. ऊस, थोडा कांदा, दोन गाई. दर गुरुवारी दुपारी मोबाइलवर आल्दोची शिकवणी. आल्दोही आता ऐंशीला टेकलेला, तिकडं पियानोवर बसून ह्याच्यावर ओरडायचा आणि हा इकडं गोठ्याशेजारी उभा राहून गायचा. सोपानची एक वही होती. डाव्या पानावर देवनागरीत इटालियन शब्द, उजव्या पानावर मराठीत अर्थ. ‘इथं दम घ्यायचा’, ‘इथं घाई नको’, ‘इथं बाप रडत नाही, भीक मागतो’ असल्या खुणा. गाई पाठ करत असतील इतक्या वेळा तो एकेक ओळ म्हणायचा.

आता तिथली एक रीत सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावरच येऊन अडतं. निरगुडसरच काय, आंबेगाव-जुन्नरच्या कुठल्याही उसाच्या पट्ट्यात हल्ली शेतात उतरायचं तर आवाज देऊन जायचं. बिबट्या उसात जन्मतो, उसात वाढतो. उभा, बोलता माणूस दिसला तर तो सहसा वाट सोडतो. पण बसलेला, वाकलेला आणि गप्प माणूस त्याला माणूस वाटत नाही. म्हणून बाया खुरपायला बसल्या तरी मोबाइलवर मोठ्यांदा गाणी लावून ठेवतात, कुणी डबा बडवतं, कुणी उगाच कुणाला तरी हाका मारत राहतं. सोपान दारात उभा राहून आधी एक खालचा, लांब सूर लावायचा आणि मग गात गात निघायचा. सुनंदावहिनी आत भाकरी थापता थापता त्याचा ठावठिकाणा ओळखायच्या. गोठा झाला, विहीर आली, आता बांधावर पोचले. शाळेत जाणारी वस्तीवरची चार पोरं त्याच्या मागं मागं रस्त्यापर्यंत जायची, आणि तीही इटालियनमध्ये काहीबाही ओरडायची. मी एकदा हे ऐकलं आणि हसून हसून पोट दुखलं. सोपान म्हणाला, हस तू, पण ह्या वाटेवर आजवर कुणाच्या अंगाला ओरखडा आलेला नाही.

दिवाळीनंतर आल्दोच्या मंडळानं ऑनलाइन मैफिलींची माळ लावली. ज्यानं त्यानं आपल्या घरून गायचं, बाकीच्यांनी आपापल्या घरी बसून ऐकायचं. त्यात एका रविवारी सोपानचा एकट्याचा कार्यक्रम ठरला. पाच आरिया. पियानोची साथ आल्दोनं आधीच वाजवून पाठवलेली. तिकडं दुपारचे बारा, म्हणजे इकडं साडेचार. लॅपटॉपचं सगळं माझी सून श्वेता बघणार होती. आडतीचा कॉम्प्युटर तीच सांभाळते. पलंग बाहेर काढून खोली मोकळी केली, आवाज घुमू नये म्हणून भिंतींना माझ्या दुकानातली गोणपाटं टांगली, आणि घाम येतो म्हणून सोपानच्या पाठीमागची खिडकी उघडी ठेवली. खिडकीबाहेर बांध आणि बांधापलीकडं ऊस. भिंतीकडेनं सतरंजीवर तात्या आणि भजनी मंडळ. खोकायचं नाही अशी सगळ्यांना तंबी. सोपाननं कंपनीच्या निरोपाच्या दिवशीचा कोट घातला होता आणि तो पोटावर बसत नव्हता. पडद्यावर चौकोनाचौकोनात म्हातारी इटालियन माणसं, कुणी जेवणाच्या टेबलावर, कुणाच्या मांडीवर मांजर.

काय गायला राव तो. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण पोरीला परत मागणाऱ्या बापाची आरिया चालू असताना माझे डोळे भरून आले, आणि पाहतो तर तात्या मान खाली घालून सतरंजीचे दोरे ओढत होते. चौथी आरिया संपली तेव्हा बाहेर वस्तीवरची कुत्री भुंकत होती. पाचवी सुरू झाली आणि कुत्री एकदम गप्प झाली. त्या वेळी आम्हाला वाटलं, बरं झालं, रेकॉर्डिंगमध्ये येणार नाहीत.

ही पाचवी आरिया वहिनींना पहिल्यापासून आवडत नव्हती. गोळी लागलेला माणूस मरताना आपल्या मित्राचा निरोप घेतो आणि म्हणतो, रडू नको, मी सुखानं चाललोय, असा तिचा अर्थ. वहिनींनी अर्थ विचारला तेव्हा ह्या शहाण्यानं खरा सांगून टाकला. तिन्हीसांजेला घरात असलं म्हणायचं नाही, असं त्यांनी त्याला बजावलं होतं, म्हणून त्यानं सराव गोठ्यात केला. आता तेच पद घरात, उंबऱ्याच्या आत, सूर्य कलताना चाललं होतं. शेवटाकडं सूर चढत जातो, आणि नेमका तिथं सोपानचा आवाज फाटला. कोरडं लाकूड तडकावं तसा. तो थांबला. पियानो पुढं चालू होता तोही एका जागी येऊन विसावला, तिथं मुळातच ठहराव आहे. चार सेकंद खोलीत काही म्हणजे काही आवाज नव्हता. मग सोपाननं दम घेतला आणि राहिलेलं खालच्या पट्टीत, जेमतेम पुरं केलं. इटालियन म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. तात्या उठून त्याच्याजवळ गेले, त्याचे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, “काय कळलं न्हाय लेका, पण अंगावर काटा आला.” एवढं आयुष्य ज्याची वाट बघितली ते मिळालं, पण सोपानचं तिकडं लक्षच नव्हतं. तो मला म्हणाला, “फाटला ना रं?” मी म्हणालो, थोडासा. मी खोटं बोलायला हवं होतं.

दोन दिवसांनी आल्दोचा निरोप आला. गाण्याचं कौतुक, आणि खाली प्रश्न, की तुझ्या खिडकीबाहेर बसलेला तो केवढा मोठा कुत्रा आहे? श्वेतानं दुकानातल्या मोठ्या स्क्रीनवर ते रेकॉर्डिंग लावलं. सोपानच्या खांद्यामागं, बांधावर, पाचव्या आरियाच्या सुरुवातीपासून बिबट्या बसलेला होता. मांजर बसतं तसा, पुढचे पाय जुळवून. सोपान गात होता तोवर तो हलला नाही. आवाज फाटला, शांतता झाली, आणि त्या चार सेकंदांत तो उठून उभा राहिला आणि घराकडं चार पावलं आला. गाणं पुन्हा सुरू झालं तसा थबकला आणि उसात शिरला. आम्ही ते तीनदा पाहिलं. गावात थट्टा झाली, की वाघालाबी आवडलं, पुढच्या टायमाला त्याला सतरंजी टाका. वनखात्याला कळवलं, कॅनॉलच्या बाजूला पिंजरा लागला, त्यात शेळी बांधली. वहिनी हसल्या नाहीत. मी हसलो. आवाज थांबताच तो उठला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं, एवढं लक्षात ठेवा.

आल्दोनं महिन्याभरानंतरचा आणखी एक रविवार देऊ केला. सोपान हट्टालाच पेटला. तो फाटलेला सूर त्याच्या जिवाला लागला होता. मला म्हणाला, तात्यानं जन्मभर जे सांगितलं तेच शेवटी खरं ठरलं असं वाटतंय रं. दिवसरात्र सराव केला आणि गळा पुरता बसवून घेतला. हळद झाली, ज्येष्ठमध झालं. बोलला की नुसता घोगरा वारा. तेव्हा मी, पारस आडत्या, गाण्यातला शून्य माणूस, त्याला उपाय सांगितला. आमच्या आईला पर्युषणात मौन धरायची सवय होती. आठ-आठ दिवस एक शब्द नाही, काही हवं तर पाटीवर लिहायची, आणि नवव्या दिवशी बोलली की आवाज कसा नितळ यायचा. मी म्हणालो, दहा दिवस मौन धर. हूं नाही की चूं नाही. गळ्याला झोपू दे. अकराव्या दिवशी गा. सोपानला ते एकदम पटलं.

वहिनींना पटलं नाही. त्या दारातच उभ्या होत्या. “भावजी, हितं मुका माणूस फिरून चालतंय व्हय?” असं त्यांनी मला विचारलं. शहाण्या बाईनं एका वाक्यात सगळं सांगितलं होतं. पण माझ्याकडं उत्तर तयार होतं ना! व्यापारी माणूस, अडलं की तोडगा काढणार. मी मुठीएवढा स्पीकर आणून दिला. म्हणालो, मैफिलीचं सगळं गाणं ह्यात भरून देतो, सोपाननं तो खिशात घालून फिरायचं, आवाज त्याचाच आणि गळ्याला त्रास नाही. श्वेतानं ते भरता भरता मला विचारलं, पप्पा, शेवटचं पद काढून टाकू का, त्यात त्यांचा आवाज फाटलाय, ऐकून वाईट वाटेल. मी म्हणालो, राहू दे, ऐकेल तेव्हा सुधारेल. माझ्या तोंडून गेलेले शब्द आहेत हे. कितीदा उलटेसुलटे करून पाहिले, तेच आहेत.

मौनाचे पहिले सहा दिवस ठीक गेले. मी रोज सकाळी निरोप पाठवायचो, तो वर अंगठा दाखवायचा. तिसऱ्या दिवशी मी जाऊन आलो. घरात पाटी-पेन्सिल आणलेली. पाटीवर लिहून त्यानं मला दुधाचा चहा की काळा असं विचारलं, आणि मग खाली लिहिलं, की गप बसलं की किती ऐकू येतं रे. पण त्याच दिवसांत साखर कारखान्याच्या ऊसतोड टोळ्या आल्या होत्या. आजूबाजूचा ऊस भराभर तुटत होता. पूर्वेचा गेला, कॅनॉलकडचा गेला. सोपानच्या तोडीची पाळी अजून यायची होती, त्यामुळं सगळ्या शिवारात त्याचाच दोन एकर उभा राहिला. ज्याला लपायचं त्याला दुसरी जागा उरली नव्हती. पिंजऱ्यातली शेळी ओरडून ओरडून गप्प झाली होती. निघताना तात्या रस्त्यात भेटले. म्हणाले, शेठ, ह्याचं मौन सोडवा, वस्ती सुनी लागती. मी म्हणालो, तात्या, इतकी वर्षं तुम्हीच गप्प बसवलात, आता दहा दिवस माझ्यासाठी बसू द्या. असा मी बोलका.

सातव्या दिवशी साडेसहाला तो स्पीकर लावून निघाला. उसाच्या कडेला कांद्याच्या रोपाचे वाफे होते, तिथं ठिबकच्या नळ्या तुंबल्या होत्या. धुक्यात वहिनींना तो दिसत नव्हता, नुसता ऐकू येत होता. पहिलं पद गोठ्यापाशी, दुसरं विहिरीपाशी, मग वाफ्यांच्या बाजूनं येत राहिलं. चौथं संपलं. पाचव्याचा पियानो सुरू झालेला त्यांनी ऐकला आणि मग तो तुटला. त्यांना वाटलं चार्जिंग संपलं असेल. तवा खाली उतरवून त्या दारात आल्या. मनाशी म्हणाल्या, आता लावतील पुन्हा. थोडं थांबल्या. मग परात आणि उलथनं घेऊन बडवत, हाका मारत धावल्या. तो गेला तेव्हा खाली बसून नळीचं तोंड साफ करत होता. ह्यापुढचं मी लिहिणार नाही. मी पोचलो तेव्हा त्याच्यावर माझ्याच दुकानचं गोणपाट घातलेलं होतं, मैफिलीतलं.

कपडे आमच्या ताब्यात मिळाले तेव्हा स्पीकर बंडीच्या आतल्या खिशात होता. श्वेतानं बटण दाबलं. लगेच लागला. चार्जिंग निम्म्याहून जास्त. म्हणजे तो बंद पडला नव्हता, सोपाननं हातानं बंद केला होता. का केला ते तिला आणि मला त्याच क्षणी कळलं. आपला आवाज फाटताना त्याला ऐकवत नव्हतं. सहाही दिवस तो तेवढं पद आलं की बंद करत असणार आणि दोन मिनिटांनी पुन्हा पहिल्यापासून लावत असणार. सातव्या दिवशी ती दोन मिनिटं त्याला मिळाली नाहीत. श्वेतानं स्पीकर बंद करून माझ्या हातात ठेवला. दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

बाराव्याला मी हे सगळं वहिनींना सांगितलं. मौनाचं त्यांना ठाऊकच होतं, शेवटच्या पदाचं नव्हतं. वाटलं, शिव्या देतील, दारातून हाकलतील. त्यांनी चुलीवर चहाचं आधण ठेवलं. मग म्हणाल्या, तुमच्या मनात वाईट नव्हतं भावजी, पण तुम्ही माझं ऐकायला हवं होतं. बस, इतकंच. त्यानंतर त्यांनी मला चहा दिला आणि मला तो प्यावा लागला.

तिकडं आल्दोनं तो रविवार रद्द केला नाही. सगळे जमणार, सोपानसाठी दोन मिनिटं शांतता पाळणार, तुम्हीही या, असं त्यानं कळवलं. मी श्वेताला सांगितलं, लिही त्याला, शांतता नको. काहीही करा, पण शांतता नको. म्हाताऱ्याला ते कळेना. मग तिनं मोबाइलवर भाषांतर करून सगळी हकीकत पाठवली. त्या रविवारी आम्ही वहिनींच्या खोलीत लॅपटॉप लावून बसलो, खिडकी बंद, आणि ती चौकोनातली म्हातारी माणसं एकामागून एक, कापऱ्या आवाजात, न थांबता गात राहिली. तात्यांनी मध्येच टाळ काढले. कुठं ताल धरायचा ते त्यांना समजत नव्हतं, तरी वाजवत राहिले.

आमच्यात मार्गशीर्षात मौन एकादशी असते. इतकी वर्षं मी ती पाळत आलो. यंदा सकाळी दहापर्यंत गप्प बसलो आणि मग राहवलं नाही. उगाच हमालावर ओरडलो, गिऱ्हाइकाशी हवापाण्याचं बोललो. पिंजऱ्यात नंतर एक बिबट्या सापडला. तोच तो, असं कुणी म्हणतं, कुणी म्हणतं दुसराच. सोपानचा ऊसही आता तुटून गेलाय.

परवा वस्तीवर गेलो होतो. वहिनी गाईंना घास कापायला निघाल्या होत्या. गळ्यात दोरीला तो मुठीएवढा स्पीकर, पदरावर. दारात थांबून त्यांनी बटण दाबलं आणि सोपान गायला लागला. वस्तीवरच्या दुसऱ्या बायांनीही ते आपापल्या मोबाइलवर मागून घेतलंय म्हणाल्या. मी म्हणालो, वहिनी, तो द्या माझ्याकडं, श्वेता शेवटचं पद काढून देईल, पहिल्यांदाच काढायला हवं होतं. त्या चालता चालता थांबल्या.

“नका काढू,” म्हणाल्या. “तिथं त्यांचा आवाज जातोय न्हवं, तेवढ्या टायमाला मी आवाज देती.”

आम्ही गोठ्यावरून विहिरीकडं निघालो. माझी चाल मंद, त्यामुळं वाटेत सगळी पदं झाली. बापाचं झालं, दुष्मनाचं झालं, मग पाचवं लागलं. मी पायांकडं बघत होतो. सूर चढत गेला, फाटला, आणि पियानो थांबला. वहिनींनी तोंडाला हात लावून शिवाराकडं ‘ओ’ दिली, अगदी मोठी, लांब. मग माझ्याकडं पाहिलं. मीही दिली. माझा आवाज किरटा आहे, तो फार लांब गेला नसेल. तेवढ्यात सोपाननं दम घेतला आणि पुढं गाऊ लागला, आणि आम्ही घास कापायला गेलो.